भामट्याचा फलक ठेवावा की काढावा?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त यंदा नववीच्या मुलांकडून मी ‘फसवणाऱ्यांची नावे आणि त्यांच्या जन्मकथा’ असे एक छोटे प्रदर्शन करून घेतले. ठग, धूर्त, भामटा, चारसोबीस, तोतया, बदमाश असे शब्द आणि टोपी घालणे, मामा बनवणे असे वाक्प्रचार मुलांनी जमवले. एका मुलाच्या आजोबांनी ‘विगारिस्ता’ हा पोर्तुगीज शब्दही सांगितला. बाकीची माहिती मुलांनी मोबाइलवर शोधली. एकेका शब्दाच्या दोन-दोन, तीन-तीन जन्मकथा मिळाल्या, आणि खरी कोणती हे मला सांगता आले नाही.

‘भामटा’ या फलकावर मुलांनी ‘ही चोरी करणारी जात होती’ असे लिहिले होते. वर्गातल्या एका मुलाची आई, सोलापूरकडून कामासाठी इथे आलेल्या त्या बाई, दुसऱ्या दिवशी मला भेटल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘बाई, आमच्या जातीच्या दाखल्यावर हाच शब्द आहे.’ मला उत्तर सुचले नाही.

तिसरी गोष्ट घरची आहे. गेल्या वर्षी वीजबिलाच्या नावाने आलेल्या एका फोनमुळे माझ्या वडिलांचे ३९ हजार रुपये गेले. ते प्रदर्शन पाहायला आले होते. ‘मामा बनवणे’ या फलकापाशी मुले हसत होती. तिथून ते काही न बोलता परतले.

पुढच्या महिन्यात हे प्रदर्शन तालुका पातळीवर मांडायचे आहे. कोणत्या जन्मकथा ठेवाव्यात? आणि हे दोन फलक काढून टाकावेत का?

सल्ला

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दोन्ही फलक ठेवा, परंतु दोन्ही नव्याने लिहा. कसे, ते पुढे सांगतो. त्याआधी जन्मकथांविषयी बोलणे आवश्यक आहे, कारण ‘भामटा’ फलकावरची चूक आणि बाकीच्या फलकांवरचा गोंधळ यांचे मूळ एकच आहे. ऐकायला पटणारी गोष्ट मिळाली की आपण तिची कागदपत्रे मागत नाही. फसवणारा माणूस आपल्या याच सवयीवर पोट भरतो, आणि गंमत वाटेल, पण फसवणाऱ्यांच्या नावांच्या जन्मकथाही याच सवयीवर पसरतात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण तुमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांनीच पुरवले आहे. पोर्तुगीज भाषेत ‘विगारिस्ता’ म्हणजे फसवून पैसे काढणारा. हा शब्द ‘कोंतु दु विगारियु’ या वाक्प्रचारावरून आला, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘विगाराची गोष्ट’ असा होतो. विगार म्हणजे कोण, हे गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आपले ख्रिस्ती शेजारी आपल्या चर्चच्या प्रमुख पाद्रीला याच नावाने ओळखतात, आणि ते नाव आदरानेच घेतात. मग गावातल्या सर्वांत विश्वासू माणसाच्या पदावरून ठकाचे नाव कसे पडले? ब्राझीलमध्ये सांगितली जाणारी कथा अशी, की ओरु प्रेतु गावातील दोन चर्चमध्ये देवमातेच्या एका मूर्तीवरून वाद झाला. एका विगाराने तोडगा काढला, की मूर्ती मध्ये ठेवून एक गाढव मोकळे सोडावे आणि ते ज्या चर्चकडे जाईल त्या चर्चला मूर्ती मिळावी. गाढव मुकाट्याने एका चर्चकडे चालू लागले, आणि ते त्याच चर्चच्या विगाराचे होते हे लोकांना मागाहून कळले.

पोर्तुगालमध्ये मात्र दुसरीच कथा आहे. फेर्नांदु पेसोआ या कवीने १९२६ साली ती वर्तमानपत्रात लिहिली. तिच्यातला मानुएल पेरिश विगारियु हा पाद्री नाहीच. विगारियु हे त्याचे आडनाव आहे आणि तो गुराढोरांचा व्यवहार करणारा शेतकरी आहे. खोट्या नोटा स्वस्तात घेऊन तो त्या दोघा भावांच्या देण्यात खपवतो आणि नशेत असल्याचे भासवत त्यांच्याकडून अशी पावती लिहून घेतो, की पुढे पोलीस आले तरी पावतीवरच्या नोटा आणि सापडलेल्या नोटा जुळू नयेत. शिवाय ‘कोंतु’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, एक गोष्ट आणि दुसरा दहा लाख रेइसांची, म्हणजे जुन्या पोर्तुगीज चलनातली, रक्कम. त्यामुळे ‘विगाराची गोष्ट’ आणि ‘विगाराची रक्कम’ एकाच शब्दात बसतात. इतकी नेटकी कथा वाचल्यावर कोण म्हणेल की हे खोटे आहे? परंतु पेसोआ हा कल्पित माणसांना नाव, स्वभाव आणि हस्ताक्षर देऊन त्यांच्या नावाने कविता लिहिणारा लेखक होता, आणि लोकांच्या तोंडी आधीच असलेल्या वाक्प्रचाराला त्याने ही कथा जोडली होती. तिच्यात माणसाचे पूर्ण नाव आहे, त्याचा धंदा आहे, रक्कमही आहे. याच तीन गोष्टी तुमच्या वडिलांना आलेल्या फोनमध्येही असणार: अधिकाऱ्याचे पूर्ण नाव, खाते आणि बाकी रक्कम.

म्हणून मुलांना पहिली सवय ही लावा, की जन्मकथा जितकी घोटीव तितकी तिची चौकशी अधिक करायची. मात्र याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण त्यांना द्यावे, नाहीतर प्रत्येक कथा खोटी मानण्याची दुसरी वाईट सवय लागेल. इंग्रजीत फसवणाऱ्याला ‘कॉन मॅन’ म्हणतात. हे ‘कॉन्फिडन्स मॅन’चे लघुरूप आहे, आणि कॉन्फिडन्स म्हणजे इथे विश्वास. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम टॉम्प्सन नावाचा एक इसम पकडला गेला. चांगले कपडे घालून तो रस्त्यात अनोळखी सभ्य माणसाशी जुनी ओळख असल्यासारखे बोलू लागे, आणि बोलता बोलता विचारी, ‘तुमचे घड्याळ उद्यापर्यंत माझ्यापाशी ठेवण्याइतका विश्वास तुमचा माझ्यावर आहे काय?’ माणसे संकोचाने घड्याळ काढून देत. ही कथा पेसोआच्या कथेहूनही रचलेली वाटते, परंतु तिला त्याच वर्षीच्या, त्याच शहरातल्या वर्तमानपत्रांचा आधार आहे. अटकेची बातमी छापताना ‘कॉन्फिडन्स मॅन’ हे नाव वापरले गेले आणि ते चिकटले. कथा कशी वाटते यापेक्षा ती घटनेच्या वेळी कोणी लिहून ठेवली होती का, हे विचारायचे.

आता हीच कसोटी ‘टोपी घालणे’ला लावून पाहा. तुमच्या मुलांनी लिहिले असेल, असा माझा अंदाज आहे, की युरोपियनांना मराठे ‘टोपीकर’ म्हणत, टोपीकरांनी आपल्याला फसवले, म्हणून फसवणे म्हणजे टोपी घालणे. गोव्यात तर ही कथा विशेष आवडीने सांगितली जाते. टोपीकर हा शब्द अस्सल आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज (म्हणजे डच) यांच्याविषयी सावध करताना तो आलेला आहे. पण टोपीकर स्वतः टोपी घालतो, दुसऱ्याला घालत नाही. आणि हिंदीतही ‘टोपी पहनाना’ हाच प्रयोग आहे, म्हणजे त्याचा जन्म फक्त आपल्या किनाऱ्यावर झाला असे मानणे कठीण जाते. मला स्वतःला साधे चित्र अधिक पटते: डोक्यावरून डोळ्यांपर्यंत टोपी ओढली की माणसाला समोरचे दिसत नाही. ज्याला दिसू द्यायचे नाही त्याला झाकायचे, हे चित्र भाषेत फार जुने आहे, आणि ‘ठग’ हा शब्द त्याचाच पुरावा आहे.

संस्कृतात ‘स्थग्’ म्हणजे झाकणे, लपवणे. त्यावरून ‘स्थग’ म्हणजे कपटी, आणि प्राकृतातून येता येता त्याचाच ‘ठग’ झाला. आपण सभा स्थगित करतो तेव्हा हाच धातू वापरतो. ‘स्थगित’चा मूळ अर्थ झाकलेले, बंद केलेले असा आहे. तेव्हा नगरपालिकेच्या नोटिशीतला ‘स्थगित’ आणि पोलिसांच्या पंचनाम्यातला ‘ठग’ हे एकाच घरचे आहेत. हा फलक मुलांना नक्की आवडेल. पुढे हाच शब्द इंग्रजीत गेला. वाटेत प्रवाशांशी सलगी करायची, त्यांच्याबरोबर मुक्काम करायचा, आणि मग रुमालाने गळा आवळून त्यांना लुटायचे, अशा टोळ्यांविरुद्ध कंपनी सरकारने १८३० च्या दशकात मोहीम काढली. विल्यम स्लीमन हा तिचा प्रमुख अधिकारी. त्याने या टोळ्यांच्या सांकेतिक बोलीचा शब्दसंग्रह १८३६ साली कलकत्त्याला छापला, आणि त्याच वर्षी ठगीविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला. इंग्रजीने या शब्दातला गळा आवळणारा हात उचलला, म्हणून तिथे ‘थग’ म्हणजे दांडगा गुंड. मराठीने सलगी करणारे तोंड जपले, म्हणून आपल्याकडे ठग हा अंगाला हात न लावता लुटतो. एकाच शब्दाच्या वाटणीत कोणाच्या वाट्याला काय आले, हे मला फार बोलके वाटते.

‘धूर्त’च्या फलकावर गोव्याचे एक पान जोडा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. अमरकोशात धोतऱ्याची नावे देताना ‘उन्मत्तः कितवो धूर्तो धत्तूरः’ असा चरण येतो. म्हणजे रस्त्याकडेला उगवणाऱ्या, काटेरी बोंडांच्या या विषारी झाडाला आपल्या पूर्वजांनी ‘धूर्त’ आणि ‘कितव’ ही दोन्ही ठकांची नावे दिली. कारण उघड आहे: धोतऱ्याचे बी पोटात गेलेला माणूस जागा असतो, बडबडतो, हसतो, पण समोर काय चालले आहे हे त्याला कळत नाही, आणि नंतर आठवतही नाही. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने गोव्यातच लिहिलेला आणि १५६३ साली गोव्यातच छापलेला औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ संवादांच्या रूपात आहे. त्यातला एक संवाद धोतऱ्यावर असून, घरातल्याच माणसाकडून एका बाईला धोतरा खाऊ घातला गेला आणि किल्ल्या व दागिने लंपास झाले, अशी हकिगत त्यात येते. पणजीच्या चर्चसमोरच्या ज्या बागेत तुमची मुले सहलीला बसली असतील ती बाग याच ऑर्ताच्या नावाने आहे. धोतऱ्याचे एक वाळलेले बोंड काचेच्या बंद बरणीत, झाकण चिकटवून, या फलकाखाली ठेवता येईल. मुलांनी त्याला हात मात्र लावू नये.

याच चरणातला ‘कितव’ म्हणजे जुगारी, ठक. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे जे सूक्त आहे त्यात हा शब्द येतो. यास्क या प्राचीन शब्दशास्त्रज्ञाने ‘निरुक्त’ या ग्रंथात त्याची व्युत्पत्ती देताना म्हटले, की हा शब्द म्हणजे जुगाऱ्याच्या तोंडच्या प्रश्नाचे अनुकरण आहे: ‘किं तव अस्ति?’ तुझ्यापाशी काय आहे? शब्दशास्त्राच्या आजच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकण्यासारखी नाही; तीही एक सांगण्याजोगी कथाच आहे. तरीही ती मी फलकावर ठेवीन, ‘यास्काचे मत’ असे वर स्पष्ट लिहून. फसवणाऱ्याचे पहिले काम समोरच्याकडे काय आहे हे काढून घेण्याचे असते, एवढे निरीक्षण इतक्या जुन्या काळी कोणीतरी शब्दात पकडले, याचे मोल कमी नाही.

काही फलक थोडक्यात आटोपता येतील. ‘बदमाश’ची उकल सरळ आहे: फारसी ‘बद’ म्हणजे वाईट आणि अरबी ‘मआश’ म्हणजे उपजीविका, म्हणून वाईट मार्गाने पोट भरणारा. ‘नागवणे’ तर स्वतःच बोलते. अंगावरचे काढून नागवा करणे. ‘तोतया’पाशी पानिपतानंतरची हकिगत द्या, कारण ती इतिहासात नोंदलेली आहे: १७६१ साली सदाशिवरावभाऊ रणात पडले, त्यानंतर मीच भाऊसाहेब असे सांगणारा एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसेही जमली, आणि अखेर १७७६ साली त्याला देहदंड झाला. आपली माणसे परत यावीत ही ज्यांची आस होती त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, हे त्या फलकावर एका वाक्यात यावे.

‘चारसोबीस’ला मात्र गोव्याच्या बाजूने थोडी जागा द्यावी. भारतीय दंड संहितेचे कलम ४२० हे फसवणूक करून मालमत्ता द्यायला लावण्याच्या गुन्ह्याचे होते, आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होती. ही संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. पण तेव्हा आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे गोव्यात पोर्तुगीज कायदा होता. इथे फसवणुकीच्या गुन्ह्याचे नाव ‘बुर्ला’ होते, ज्याचा दुसरा अर्थ थट्टा असा होतो. मुक्तीनंतर भारतीय दंड संहिता आपल्याकडे आली. आणि १ जुलै २०२४ पासून ती संहिताही गेली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ आहे. म्हणजे तुमचे विद्यार्थी मोठे होतील तेव्हा घडणारा कोणताही नवा गुन्हा ४२० खाली नोंदवला जाणार नाही, पण शिवी तीच राहील. या फलकावर ४२० आणि ३१८ या दोन आकड्यांशेजारी १९३० हा तिसरा आकडाही मोठ्या अक्षरांत लिहावा. ऑनलाइन फसवणूक झाल्यावर तत्काळ कळवण्याचा तो राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

आता त्या माउलीच्या हरकतीकडे येतो. त्याआधी एक आठवण सांगणे भाग आहे. लहानपणी मी आईबरोबर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जात असे. तिथे एक माणूस लाकडी खोक्यावर उभा राहून गुडघेदुखीचे तेल विकायचा. तो तेलाचे नाव आधी काढतच नसे. गर्दीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला पुढे बोलावून ‘खंयच्या गांवचे तुमी?’ असे आपुलकीने विचारी, आणि तो शिरगावचा निघाला की खोक्यावरूनच तिथल्या लइराई देवीच्या दिशेने हात जोडी. तेवढ्यावर तो म्हातारा त्याचा होऊन जाई. मग बाटली निघे. माझ्या आईने त्याच्याकडून दोन वेळा तेल घेतले. पहिल्या वेळी आजीसाठी, आणि दुसऱ्या वेळी पहिल्या तेलाने गुण आला नाही तेव्हा ‘ह्या वेळचे जहाल आहे’ असे त्याने सांगितल्यामुळे. बाटलीला खोबरेलाचा वास होता, तळाशी कसलीशी मुळी होती, आणि बूच म्हणून कागदाची गुंडाळी खोचलेली होती. पुढे कळले, की इटलीतल्या बाजारांत असे औषधविके बाकावर चढून बोलत, आणि ‘बाकावर चढ’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून इंग्रजीत भोंदू वैद्याला ‘माउंटबँक’ हे नाव पडले. तेव्हा मला तो म्हापशाचा खोका डोळ्यांसमोर दिसला.

त्याच इटलीतला दुसरा शब्द ‘शार्लटन’. बडबड करणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचा संबंध आहे, परंतु त्यात उंब्रिया प्रांतातल्या चेर्रेतो या गावाचेही नाव मिसळलेले आहे. तिथले काही लोक गावोगाव फिरून औषधे विकत, दान गोळा करत, म्हणून ‘चेर्रेतोकर’ म्हणजे भोंदू असा अर्थ रूढ झाला. गावातल्या शेतकऱ्याने, न्हाव्याने, दाईने काय पाप केले होते? त्यांच्या गावाचे नाव साऱ्या युरोपात शिवी होऊन फिरले. इंग्रजीत फसवणे या अर्थी वापरले जाणारे ‘जिप’ हे क्रियापदही ‘जिप्सी’ या भटक्या समाजाच्या नावावरूनच आले असे मानले जाते, आणि आता विचारी लोक ते टाळतात.

‘भामटा’ या शब्दाची कथा याच जातीची आहे, फक्त अधिक दुखरी. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे १९११ व १९२४ साली त्याची व्याप्ती वाढवली. त्या कायद्याने माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहिले. यादीतल्या समाजांची नोंद पोलिसांकडे होई, हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. सोलापूरला अशा लोकांना ठेवण्यासाठी वसाहत होती. जुनी माणसे तिला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ज्यांच्या नावावर या कायद्याचा शिक्का बसला त्यांत भामटा म्हणून ओळखला जाणारा समाज होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस हे समाज विमुक्त दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ ही नावे आजही आहेत. त्या बाईंच्या दाखल्यावरचा शब्द तिथून आला आहे.

तुमच्या मुलांनी ‘ही चोरी करणारी जात होती’ असे जे लिहिले, ते त्यांच्या मनातले वाक्य नव्हे. ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी दप्तरातले वाक्य आहे आणि ते शब्दकोशांतून, बातम्यांतून, मोबाइलमधून फिरत फिरत त्यांच्या चार्ट पेपरवर येऊन बसले. पेसोआच्या कथेला आपण पुरावा मागितला; या वाक्याला कोणी मागितला नाही, कारण ते मोठ्या अधिकाराच्या आवाजात सांगितलेले होते. नऊवारी नेसलेल्या आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांना चोर ठरवणारे विधान पुराव्याने सिद्ध होऊच शकत नाही, हे नववीच्या मुलांना नीट समजेल.

म्हणून तो फलक असा लिहावा: ‘भामटा हा शब्द मराठीत फसवणारा या अर्थाने वापरला जातो. हेच एका समाजाचेही नाव आहे. १८७१ च्या कायद्याच्या धोरणामुळे अशा अनेक समाजांवर जन्मतः गुन्हेगार असा खोटा शिक्का बसला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. फसवणाऱ्यासाठी हा शब्द आम्ही वापरत नाही.’ छापण्याआधी मात्र हा मजकूर घेऊन तुम्ही स्वतः त्या बाईंकडे जा. त्यांना शाळेत बोलावू नका. बोलावणे आले की हरकत घेतल्याबद्दल जाब विचारणार असे त्यांना वाटेल. त्यांनी एखादा शब्द बदला म्हटले तर बदला, आणि फलकच नको म्हणाल्या तर तोही निर्णय त्यांचाच माना. त्यांच्या मुलाला हा फलक समजावून सांगण्याचे काम देऊ नये; ते दुसऱ्या कोणी करावे. फसवणाऱ्यासाठी तुम्हाला दुसरा शब्द लागणारच असेल तर ठक आहे, लबाड आहे, आणि आपल्या अंगणातला ‘फटींग’ आहे, जो कोकणीतल्या ‘फट’ म्हणजे खोटे या शब्दाच्या सोबतीने इथे लहान पोरही ओळखते.

राहिले तुमचे वडील. ‘मामा बनवणे’ हा शकुनीमामावरून आला, असे काही जण सांगतात. परंतु शकुनी हा फसवणारा होता आणि या वाक्प्रचारातला मामा फसवला जातो, तेव्हा ही कथा पहिल्याच पायरीवर अडखळते. मला दुसरा तर्क जवळचा वाटतो. आपल्याकडे अनोळखी वडीलधाऱ्या पुरुषाला मामा किंवा काका म्हणतात. ठकाला आधी नाते जोडावे लागते, आणि ‘मामा’ म्हटल्यावर समोरच्याला भाच्याचे ऐकून घ्यावे लागते. म्हापशाच्या तेलविक्याने देवीला हात जोडले, टॉम्प्सनने जुनी ओळख दाखवली, वीजबिलाचे नाव सांगणाऱ्यानेही बहुधा आवाजात अशीच काळजी आणली असेल. या अर्थाने मामा होणे हे मूर्खपणाचे लक्षण उरत नाही. ज्याने नात्याचा मान राखला तो मामा. मुले हसली, कारण भाषेने त्यांना हसायचे कोणाला ते आधीच शिकवून ठेवले आहे. बकरा, मामा, गिऱ्हाईक, बुर्लामधली थट्टा, या सगळ्या शब्दांत बोट फसलेल्याकडे रोखलेले असते. पोलिसांकडे न जाणारी माणसे पैशाच्या दुःखापेक्षा या हसण्याच्या भीतीने घरी बसतात, हे मी माझ्या ओळखीच्या तीन घरांत पाहिले आहे.

तो फलक वडिलांना विचारून पुन्हा लिहावा, असे मला मनापासून वाटते. त्यांची समजूत घालायला जाऊ नका आणि गेल्या वर्षी काय झाले ते साऱ्या घरासमोर पुन्हा सांगायला लावू नका. संध्याकाळी चहाच्या वेळी दोघेच असताना एवढेच विचारा, की फोनवरच्या माणसाने अगदी पहिले वाक्य कोणते म्हटले होते. रक्कम विचारू नका, शेवट विचारू नका. पहिले वाक्य विचारा. ते त्यांना शब्दन् शब्द आठवत असणार. त्यांची तयारी असेल तर ते वाक्य त्यांच्याच हस्ताक्षरात, नाव न घालता, चार्ट पेपरवर लिहून घ्या आणि त्याच्या खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, यास्काने दिलेला जुगाऱ्याचा प्रश्न लिहा: ‘किं तव अस्ति?’